डिक्टॅम्नसचे बी उगवले नाही म्हणून कुंडी रिकामी करू नका

आपण विचारले आहे की, डिक्टॅम्नस या वर्षानुवर्षे टिकणाऱ्या बागेतल्या फुलझाडाचे पाकिटातले बी वसंतात पेरले, चार महिने ओल टिकवली, तरी एकही अंकुर दिसत नाही. तेव्हा बी मेले असे समजावे का? माझे उत्तर स्पष्ट आहे: समजू नये. बहुधा ते झोपलेले आहे, आणि त्याला जागे करणारी गोष्ट, म्हणजे ओलसर अवस्थेत मिळालेली दीर्घ थंडी, त्याला अजून मिळालेलीच नाही.

हे बी ताजे असताना पेरले, तर येणारा हिवाळा भोगून ते पुढच्या वसंतात बरेचदा उगवते. मात्र कोरडे साठवलेले बी अधिक खोल सुप्तावस्थेत जाते आणि कित्येकदा दुसरा हिवाळा उलटल्यावरच अंकुर धरते. म्हणून कुंडी सावलीत ठेवा, माती पूर्ण सुकू देऊ नका, आणि थंडी सुरू झाली की ती उघड्यावरच राहू द्या. घरात आणून ऊब देण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने काहीही साधत नाही. बाहेर पुरेशी थंडी पडत नसेल, तर ओलसर वाळूत मिसळलेले बी पिशवीत घालून फ्रीजमध्ये सुमारे ४ अंश सेल्सिअसला दोन-तीन महिने ठेवता येते.

पुढच्या वेळी शक्य असेल तर ओळखीच्या बागेतून ताजे बी मिळवा. याची बोंडे पाच कप्प्यांची, चांदणीच्या आकाराची असतात. ती हिरवट तपकिरी होऊन वाळू लागली की एखाद्या उन्हाच्या दिवशी तडकतात आणि आतले काळे, चकचकीत बी दूरवर उडते. त्यामुळे तडकण्याआधीच तुऱ्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी आणि हाती आलेले बी लगेच, साधारण एक सेंटिमीटर खोल पेरावे.

अंकुर आल्यानंतर खरी कसोटी असते ती मुळांची. पहिल्या वर्षी वर जेमतेम काही पाने दिसतात, पण खाली जाड, मांसल मूळ खोल उतरत असते आणि त्याला केलेली ढवळाढवळ हे झाड फार वाईट रीतीने सोसते. म्हणूनच उथळ ट्रे टाळून मी खोल कुंडीचा, किंवा थेट कायमच्या जागी पेरण्याचाच आग्रह धरतो. जागा उन्हाची आणि उत्तम निचऱ्याची हवी. चुनखडीयुक्त माती त्याला मानवते, पाणी साचलेले मात्र चालत नाही. कोवळी रोपे गोगलगायींना फार आवडतात, एवढे लक्षात ठेवा. फुले यायला तीन-चार वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. पण एकदा रुजलेले झाड त्याच जागी कित्येक दशके फुलत राहते.

एक गोष्ट जागा ठरवण्यापूर्वीच सांगायला हवी. हे लिंबाच्या कुळातले झाड आहे. पाने चोळली की लिंबाच्या सालीसारखा तीव्र गंध येतो, आणि त्यातले तेल इतके बाष्पशील असते की उष्ण, निवांत हवेत फुलोऱ्याजवळ ज्योत नेली तर ते क्षणभर पेटू शकते. गंध मोहक असला तरी त्याचा रस त्वचेला लागून त्यावर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येतात. तेव्हा ते पायवाटेच्या कडेला किंवा मुले खेळतात तेथे लावू नका, आणि छाटणी करताना वा बी गोळा करताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा कपडा अवश्य घाला.