पवनचक्की घरापासून १२० मीटर लांब आहे, वायर कुठली टाकू?

तुमचा प्रश्न असा: मनोरीला वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला १ किलोवॅटची, २४ व्होल्टची चक्की उभी करायची, बॅटऱ्या १२० मीटरवर घरात ठेवायच्या, आणि मुंबईच्या लोहार चाळीतला वायरचा दुकानदार म्हणतो ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरेल. तो काही फसवत नाहीये. त्याने करंट विचारला असेल, तुम्ही ४२ अँपिअर सांगितला असेल, आणि तेवढा करंट ती वायर साधारण सोसते. घरातल्या दहा-पंधरा मीटरच्या वायरिंगला हाच हिशेब लागतो. तुमच्या अंतराला मात्र पलीकडच्या टोकाला किती पोचतं ते आधी बघायला हवं.

ते बघायची सोपी रीत सांगतो. तांब्याच्या वायरला १८ भागिले स्क्वेअर एमएम करा, एका किलोमीटरचा रेझिस्टन्स ओहममध्ये येतो. ॲल्युमिनियमला १८ च्या जागी ३० घ्या. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून तुमची लांबी २४० मीटर. ६ ची तांब्याची वायर म्हणजे किलोमीटरला ३ ओहम, तुमच्याकडे ०.७२. त्याला ४२ ने गुणलं की ३० व्होल्ट. चक्की २४ ची आणि नुसत्या वायरमध्येच ३० खर्ची! जोराचा वारा असेल तेव्हा निम्म्याहून जास्त वीज जमीन तापवण्यात जाईल.

म्हणून वायरच्या आधी व्होल्टेज ठरवा. मशीन अजून घेतलं नसेल तर ४८ व्होल्टचं घ्या. करंट निम्मा होतो आणि त्याच वायरमधला नाश पावपट होतो. तरीही ६ ची वायर पुरत नाही, पंधरा व्होल्ट जातातच. १६ ची तांब्याची घेतली तर पावणेसहा व्होल्ट, म्हणजे बारा टक्के. पण २४० मीटर १६ ची वायर म्हणजे जवळजवळ ३४ किलो तांबं. आजच्या भावाने ते परवडत नाही, आणि उघड्या वाडीत पुरलेलं तांबं भंगारवाल्याला कसं कळतं कोण जाणे, पण कळतं.

मी असतो तर ॲल्युमिनियमची ४ कोअर (आत चार वेगळ्या तारा असलेली) १६ स्क्वेअर एमएम आर्मर्ड एक्सएलपीई केबल घेतली असती, म्हणजे वरून पोलादी कवच आणि आत एक्सएलपीई प्लास्टिकचं इन्सुलेशन. हा माल सगळीकडे मिळतो. दोन कोअर एकत्र करून प्लस, उरलेले दोन मायनस, म्हणजे प्रत्येक बाजूला ३२ स्क्वेअर एमएम. ४८ व्होल्टला पावणेपाच व्होल्टचा ड्रॉप, सुमारे दहा टक्के.

दहा टक्के ऐकून दचकू नका. हा आकडा चक्की पूर्ण जोरात असतानाचा. वाऱ्याचा वेग अर्धा झाला की वीज आठवा हिस्साच राहते, करंटही जवळपास तितकाच उतरतो, आणि ड्रॉप एक-सव्वा टक्क्यावर येतो. पावसाळ्यातले झोडपणारे दिवस सोडले तर आपल्याकडे बहुतेक वेळ कमी वाऱ्याचाच असतो. शिवाय बॅटरी व्होल्टेजला, आणि त्याबरोबर चक्कीच्या वेगालाही, धरून ठेवते, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात पाती अडखळतात. लाइनमध्ये थोडा रेझिस्टन्स असला तर त्यांना वेग घ्यायला जागा मिळते. ड्रॉप ३ टक्क्यांत बसवायच्या मागे लागून केबलवर दुप्पट पैसे घालणं मला पटत नाही.

चक्कीतून वीज तीन तारांच्या एसीत (थ्री-फेज) निघते, ती रेक्टिफायरने डीसी करून बॅटरीला द्यायची असते; ती थ्री-फेजच घरापर्यंत आणा, वायर वाचते, असं काही जण सांगतात. वाचत नाही. रेक्टिफायरला लावलेल्या थ्री-फेजमध्ये साधारण कुठल्याही क्षणी दोनच तारांतून करंट वाहतो, म्हणजे तेवढ्याच नुकसानीसाठी त्याच जाडीची तिसरी तार वर लागते. रेक्टिफायर खांबाच्या बुडाशी बंद पेटीत ठेवा. ब्रेकचा स्विचही तिथेच, रेक्टिफायरच्या आधी. तीन फेज शॉर्ट करून चक्की थांबवायची असते, आणि मध्ये लांब केबल आली तर तिच्या रेझिस्टन्समुळे तो ब्रेक ढिला पडतो. फ्यूज मात्र बॅटरीजवळ, डीसीचाच. केबलमध्ये शॉर्ट झाला तर खरा मोठा करंट बॅटरीकडून येतो.

खरी कटकट जोडांची. ॲल्युमिनियम आणि तांबं थेट एकत्र आवळलं की खाऱ्या हवेत तो जोड गंजतो, रेझिस्टन्स वाढतो, तापतो. बायमेटॅलिक लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं वायरच्या टोकाचं टर्मिनल) घ्या, नीट दाबणाऱ्या मशीनने क्रिम्प करून घ्या (पक्कडीने चेपलेला लग मी उघडून बघतच नाही, थेट कापतो), आणि पेटीत केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत घ्या म्हणजे पाणी उतरणार नाही. चर ७५ सेंटीमीटर खोल, केबलखाली-वर वाळू, वर विटा. आर्मर आणि खांब दोन्हींना अर्थिंग द्या. किनाऱ्याजवळ असल्याने खांबासाठी सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी लागते का, तेही आधी विचारून घ्या.

२४ व्होल्टचं मशीन आधीच घेऊन ठेवलं असेल तर केबलवर पैसे ओतू नका. खांबाजवळ हवेशीर, पक्की छोटी खोली बांधून बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर तिथे ठेवा आणि घरापर्यंत २३० व्होल्ट न्या. १ किलोवॅटला साडेचार अँपिअरच्या आत करंट लागतो. २.५ ची तांब्याची आर्मर्ड केबल टाकली तरी साडेसात व्होल्ट जातात, २३० मधून ते जाणवतही नाहीत. फ्रिज किंवा पंप लावणार असाल तर सुरू होताना ते जास्त करंट ओढतात, तेव्हा ४ ची घ्या.