रिव्ह्यू कुठल्या टीममधून आलाय ते आधी बघ

राजारामपुरीतल्या एका मित्रानं विचारलंय: सीए झालोय, मुंबईतल्या एका बड्या इन्व्हेस्टमेंट बँकेची (कंपन्यांना भांडवल उभारून देणारी, त्यांचे मोठे सौदे जुळवणारी बँक) ऑफर आहे, पण तिथल्या कर्मचाऱ्यांची मतं वाचून डोकं फिरायची वेळ आली. निम्मे म्हणतात सोनं आहे, निम्मे म्हणतात जाऊ नका. खरं कोणाचं मानू?

भावा, दोघांचंही. अशाच एका बँकेत मी सात वर्षं काढली, आता कोल्हापुरात परत आलेय.

बाहेरून बँक एक दिसते, आत प्रत्येक टीमची रीत वेगळी. टेक्नॉलॉजीतला माणूस 'वेळेवर घरी जातो' लिहितो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. आयपीओ (कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकणं) आणि विलीनीकरणाचे सौदे करणाऱ्या टीममधली पोरगी 'तीन आठवडे रविवार बघितला नाही' लिहिते, तीही नाही. तारीखही बघत जा. बोनस जाहीर झाल्यावर लिहिलेल्या मतात बोनसचा राग किंवा आनंद उतरतोच.

तासांच्या तक्रारीला मात्र रडगाणं समजू नकोस. 2021 मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेतल्या पहिल्या वर्षाच्या 13 अ‍ॅनालिस्टांनी (म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या नव्या पोरांनी) आपसात केलेली पाहणी बाहेर आली होती. आठवड्याला सरासरी 95 तास काम, रात्री पाच तास झोप. त्यांची मागणी काय, तर 80 तासांची मर्यादा घाला. म्हणजे सहा दिवस रोज तेरा तासांवर काम, आणि ते त्यांना सुसह्य वाटत होतं!

हे तास सलग कामाचे नसतात, त्रास तिथेच आहे. दुपार वाट बघण्यात जाते, साहेबांचे बदल रात्री नऊला येतात आणि क्लायंटला प्रेझेंटेशन सकाळी हवं असतं. टीम बँकेच्या परदेशातल्या टीमसाठी काम करत असेल तर आणखी वेगळं. न्यूयॉर्कचा शेअर बाजार आपल्याकडे संध्याकाळी सातला उघडतो, थंडीत आठला. घरी ताटं वाढायची वेळ आणि तुझा कॉल सुरू.

माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी होती. मी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं कोल्हापूरला आले आणि दवाखान्यातल्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन एका पानावरचे आकडे दशांश चिन्हाखाली सरळ रेषेत लावत बसले. कारण वरिष्ठांनी सांगितलं होतं, 'तासाभराचंच काम आहे.' चार तास लागले. वडील बाहेर आल्यावर पहिलं वाक्य बोलले, 'तुझं काम झालं का गं?' ते आजही आठवलं की घशात दाटून येतं.

पुढच्या वर्षी त्याच बँकेत, त्याच मजल्यावर माझे साहेब बदलले. नवरात्रात ललितापंचमीला कोल्हापुरात टेंबलाई देवीला जायचं म्हणून भीत भीत सुट्टी मागितली. ते म्हणाले, 'लॅपटॉप इथंच ठेव, तुझे कॉल मी घेतो.' आणि घेतले. त्या माणसाच्या हाताखाली मी व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत काढणं शिकले, वाटाघाटी शिकले, चूक झाली तर लपवायची नाही हे शिकले. पगारातून घराचं कर्ज फिटलं, हेही सांगायला हवं.

म्हणून एचआरला 'कल्चर कसं आहे' विचारू नकोस, उत्तर ठरलेलं असतं. त्याच टीममधल्या दुसऱ्या वर्षाच्या अ‍ॅनालिस्टशी दहा मिनिटं बोलायला माग. त्याला विचार, गेल्या महिन्यात किती रविवार कामात गेले? कामं वाटतं कोण, आणि हातात आधीच दोन सौदे असताना त्याला 'नाही' म्हणता येतं का? वर्षभरात किती जण सोडून गेले? बोलायलाच दिलं नाही, तर त्यातूनही बरंच कळतं.

करारात नोटीस पीरियड किती दिवसांचा आहे बघ, आणि वर्षाच्या आत सोडल्यास जॉइनिंग बोनस परत द्यावा लागतो का तेही. ऑफर लेटरमध्ये टीमचं नाव नसेल तर सही करायच्या आधी मेलवर लेखी मागून घे. नाव कळलं की इथं लिही, कामाचं स्वरूप काय असेल ते सांगते.