बरा न होणारा आजार असलेल्या पेशंटशी फिजिओथेरपिस्टने मैत्री करावी का?

तुम्ही लिहिलंय की तुमची फिजिओथेरपीची इंटर्नशिप चालू आहे, पार्किन्सन्सच्या एका आजोबांशी छान गट्टी जमलीय, आणि सीनियर सांगतायत, ‘गुंतू नकोस, हा आजार बरा होत नाही, शेवटी त्रास तुलाच होईल.’ माझं उत्तर आहे, मैत्री करा. फक्त मैत्री झाली की काही गोष्टी एरवीपेक्षा कडक पाळाव्या लागतात, त्याही सांगते.

मी साताऱ्यात घरी जाऊन फिजिओथेरपी देते. गुडघे, कंबर, पॅरालिसिस, सगळेच पेशंट असतात. गुडघा बदललेला माणूस काही आठवड्यांत जिना चढायला लागतो, पेढे हातावर ठेवतो आणि आपलं काम संपतं. पार्किन्सन्सचं तसं नाही. हालचालीसाठी लागणारं डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी हळूहळू कमी होत जातात. हाताला कंप सुटून माणूस डॉक्टरकडे पोचतो तोवर त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. गोळ्यांनी लक्षणं आटोक्यात राहतात, व्यायामाने चाल, तोल, आवाज वर्षानुवर्षं सांभाळता येतात, पण आजाराची वाटचाल थांबवणारं औषध अजून हाती आलेलं नाही. म्हणजे या माणसाकडे तुम्ही पुढची दहा-पंधरा वर्षंसुद्धा जात राहाल. त्याच्या बगलेत हात घालून त्याला उठवाल, त्याच्या घरातली भांडणं ऐकाल, त्याच्या नातवाची मुंज बघाल. इतकं सगळं करून परकं राहायचं म्हटलं तरी राहता येत नाही, आणि राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या एका पेशंट जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत. अख्खी आळी त्यांना बाई म्हणते, मीही बाईच म्हणते. मी जायला लागले तेव्हा त्यांचे पाय स्वयंपाकघराच्या दारात चिकटायचे. हॉलमधून बऱ्यापैकी चालत यायच्या आणि चौकटीपाशी आल्या की तळवे फरशीला खिळल्यासारखे. वरचं अंग पुढे जायचं, पाय मागे राहायचे. मुलगा घाबरून समोरून दोन्ही हात धरून ओढायचा. ओढलं की पेशंट तोंडावर पडतो, हे त्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

दार, वळण, गर्दी, घाई, दारावरची बेल, अशा ठिकाणीच हे अडणं होतं. चालणं आपल्याकडून आपोआप होत असतं आणि पार्किन्सन्समध्ये नेमका तो आपोआपपणा बिघडतो. बाहेरून ताल मिळाला, डोळ्यांना ओलांडायला रेघ मिळाली, की पाऊल वेगळ्या वाटेने उचललं जातं. तालावर चालवण्याचा फायदा 1990च्या दशकापासून अभ्यासांत दिसत आलाय. म्हणून मी दारासमोर एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या आणि फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात वाजणारी टिकटिक, सुरू केला. पट्ट्या बाईंना पटल्या. टिकटिक नाही पटली.

“बंद कर ते,” म्हणाल्या, “मी बेचा पाढा म्हणते.”

बे एके बे, बे दुणे चार. आधी उभं राहायचं, वजन या पायावरून त्या पायावर घ्यायचं, मग खणखणीत आवाजात पाढा सुरू करायचा आणि पहिली टाच पट्टीच्या पलीकडे टाकायची. बे पंचे दहाला त्या ओट्यापाशी होत्या. पुढे मी मुद्दाम पावकी, म्हणजे एक चतुर्थांशाचा पाढा, म्हणायला लावली, तर तिसऱ्या पावलाला पाय थांबले, कारण पावकी आठवावी लागत होती. बेचा पाढा हाडात मुरलेला, त्याला डोकं लागत नाही. तेव्हापासून घरात नियम झाला की बाई चालताना त्यांना काही विचारायचं नाही. पाढे मोठ्याने म्हणायचे असल्यामुळे बारीक होत चाललेला आवाजही थोडा सुटला, तो आणखी एक फायदा.

पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने पार्किन्सन्स झालेल्या आपल्या काकांसाठी असंच काही शोधलं होतं. सपाट जमिनीवर अडणारे काका जिना मात्र सहज चढ-उतार करतात, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने जमिनीवर जिन्याचा भास होईल असं चित्र अंथरलं. हे सुचायला पुतणीच लागते, जी काकांच्या घरात वावरते आणि तपासणीच्या पलीकडचंही बघते.

आता तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळची गोष्ट सांगते.

नोव्हेंबर महिना होता. पेन्शनरांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी मुलगा बाईंना घेऊन गेला होता. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं. पहिलं अक्षर ठीक येतं, मग शब्द आक्रसत जाऊन शेवटी मुंगीएवढा होतो. बाईंची सही जुळेना. काउंटरवरच्या मुलाने सहज सुचवलं, “आजी, अंगठा द्या ना.” त्याच्या दृष्टीने तो मदतच करत होता.

बाई घरी आल्या आणि दोन दिवस व्यायाम केला नाही. मुलाला वाटलं, थकल्या. मी गेले तेव्हा पलंगाच्या कडेला बसून होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “रात्रीच्या वर्गात बायकांना सही शिकवायचे मी. अंगठे सोडवले त्यांचे. आणि मला अंगठा दे म्हणतो.”

मुलाला हे त्यांनी सांगितलं नव्हतं, सुनेलाही नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे तर हा विषय निघण्याचं कारणच नव्हतं. माझ्या कागदावर त्यांचं ध्येय लिहिलेलं होतं, ‘तोल सुधारणे, पडणे टाळणे’. ते चुकीचं नव्हतंच. पण बाईंना त्या वर्षी जे वाचवायचं होतं, ते त्या कागदावर नव्हतं.

मग आम्ही सहीवर काम केलं. पहिलीतल्या पोरांची दुरेघी वही आणली, कारण वरची आणि खालची रेघ डोळ्यांसमोर असली की अक्षर रेघेला टेकवता येतं. जाड पेन. प्रत्येक अक्षर आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट मोठं काढायचं, म्हणजे कागदावर ते नेहमीएवढं उतरतं. आणि वेळ महत्त्वाची. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, मेंदूत त्याचं डोपामाइन होतं. त्याची गोळी घेतल्यावर अंग मोकळं होतं, तो ‘ऑन’चा वेळ, असर उतरला की ‘ऑफ’. बाई सकाळची गोळी दूध आणि थालीपीठ-दह्याबरोबर घेत होत्या. प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणात आड येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-एक तास घेणं बहुतेकांना मानवतं. डॉक्टरांना विचारून वेळ बदलली, आणि सहीचा सराव नेमका ऑनच्या वेळेत ठेवला. व्यायामाचंही तेच. ऑफमध्ये चालवायला घेतलं तर पेशंटही खचतो आणि आपणही. पुढच्या नोव्हेंबरात बाईंनी बँकेत सही केली, नमुन्याची सहीही नव्याने दिली. आणखी काही वर्षं ती चालली. नंतर अंगठा द्यावा लागला, हेही खरं आहे.

जेम्स पार्किन्सनने 1817 साली लंडनमध्ये या आजारावर निबंध लिहिला तो अवघ्या सहा माणसांवरून. त्यातले काही त्याला रस्त्यात भेटलेले, एकाला तर त्याने लांबूनच पाहिलेलं. तरीही पुढे झुकलेलं अंग, कंप, पळती चाल हे वर्णन आजही लागू पडतं, इतकी त्याची नजर पक्की होती. चाल लांबून दिसते. अंगठ्याचं दुःख दिसायला पलंगाच्या कडेला बसावं लागतं, आणि कळल्यावर त्याचं उपचारात रूपांतर करणं हे आपलं शिक्षण आहे.

आता कडक पाळायच्या गोष्टी.

पहिली म्हणजे आकडा लपवायचा नाही. खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं, ही चाचणी तुम्ही शिकला आहातच. बाई शिक्षिका, त्यांनी पहिल्याच दिवशी “मार्क सांग” म्हटलं. मी सेकंद सांगायचे, त्या वहीत लिहायच्या. पहिली काही वर्षं आकडा बरा राहिला, मग वाढत गेला. प्रेमाच्या माणसाला वाढलेला आकडा सांगताना जीभ जड होते, आणि ‘आज जरा थकलात’ असं म्हणून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तसं केलंत तर त्या माणसाच्या आयुष्यात खरं सांगणारं कुणीच उरत नाही. घरचे धीर देतात, पाहुणे ‘चेहरा छान दिसतोय’ म्हणतात. तोल मागे जायला लागला तेव्हा मी त्यांना म्हटलं, “बाई, आता पायरी एकट्याने उतरायची नाही. चाकांचा वॉकर लागेल.” त्यांनी वही मिटली. त्या दिवशी चहा न घेता मी निघाले. पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, “पेपर फाटकातून मीच आणणार. वॉकर घेऊन कसा आणायचा ते शिकव.” आम्ही वॉकरला कापडी पिशवी शिवून लावली.

वॉकरचं एक सांगून ठेवते. मेडिकलच्या दुकानात मिळणारा, उचलून पुढे ठेवायचा घडीचा वॉकर घरचे हौसेने आणतात. पार्किन्सन्सच्या बऱ्याच पेशंटना तो सोसत नाही. प्रत्येक पावलाला थांबा-उचला-ठेवा करताना पाय अडतात, उचलताना तोल मागे जातो. चाकं आणि ब्रेक असलेला बघा, आणि आधी तुमच्यासमोर चालवून मगच विकत घ्यायला सांगा.

दुसरी गोष्ट गुपितांची. मित्र म्हणून तुम्हाला अशा गोष्टी कळतील ज्या डॉक्टरांना कळत नाहीत. बाईंना ओळखीच्या कुणी खाजकुइलीचं चूर्ण दिलं होतं, ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असतो. म्हणजे गोळीवर गोळी झाली, तीही न मोजता. आणखी एकदा त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं की संध्याकाळी ओसरीवर लहान मुलं बसलेली दिसतात, वेड लागलं म्हणतील म्हणून कुणाला बोलले नाही. असे भास या आजारात होतात, औषधांनीही होतात, आणि डॉक्टरांना कळलं तर डोस बदलून बरंच काही करता येतं. दोन्ही वेळा मी बाईंना तिथेच सांगितलं, “हे मी पोटात ठेवणार नाही. तुम्ही सांगता की मी सांगू?” मैत्री सुरू होतानाच एवढं बोलून घ्या. आणि औषधाबद्दल स्वतः एक शब्दही बदलू नका, कितीही माहिती असली तरी.

पैशाचं थोडक्यात. फी घ्या. बाई म्हणायच्या, “फुकट शिकवणी मी घेत नाही.” फी घेतली की पेशंटला हक्काने तक्रार करता येते, उपकाराचं ओझं राहत नाही. उसने देणं-घेणं मात्र कधीच नको.

सीनियरचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्रास होतो. मोटर न्यूरॉन डिसीजच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसपेशी मरत जाण्याच्या आजाराच्या, एका गृहस्थांकडे मी जायचे, तो आजार कितीतरी झपाट्याने वाढतो. बहुतेकांच्या हाती लक्षणं दिसल्यापासून दोन ते पाच वर्षं असतात. तिथे स्नायू थकवणारा व्यायाम द्यायचाही नसतो, सांधे आखडू नयेत, श्वास आणि झोपण्या-बसण्याची स्थिती नीट राहावी, एवढंच हातात. ते गेल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन बसले, त्यांच्या बायकोबरोबर रडले, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेशंटकडे काम केलं. रडण्याने माझं काम बिघडलं नाही. ज्यांच्याशी माझा काही संबंध जुळला नाही आणि ते गेले, त्यांच्याबद्दल मात्र आजही वाटतं की यांना काय हवं होतं ते मला कधी कळलंच नाही. दोन त्रासांतला कुठला सोसायचा, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय.

एक करा, आजोबांचा सगळा भार एकट्याने उचलू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. पेशंट आणि घरचे एकत्र येतात, एकमेकांना आपल्या युक्त्या सांगतात. 11 एप्रिल, पार्किन्सनचा जन्मदिवस, जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. आजोबांच्या घरच्यांना अशा गटाशी जोडून द्या. बाईंना पलंगावर कूस बदलायला जमत नव्हतं, तेव्हा कमरेखाली जुनी रेशमी साडी घडी करून अंथरण्याची युक्ती सुनेला अशाच दुसऱ्या एका पेशंटच्या घरून मिळाली, आणि ती माझ्या कुठल्याही व्यायामापेक्षा लवकर लागू पडली.

सीनियरना सांगा, ‘मी रोज मोजमाप लिहिते आणि काही वेगळं कळलं की तुम्हाला आणि डॉक्टरांना कळवते.’ त्यांची निम्मी काळजी तिथे मिटेल. आणि पुढच्या खेपेला आजोबांना दोन गोष्टी विचारा. गोळी किती वाजता आणि कशाबरोबर घेता? आणि कुठलं एक काम शेवटपर्यंत स्वतः करायचंय? दुसऱ्याचं उत्तर लगेच येणार नाही, घाई करू नका. तोवर घरच्यांना पाय चिकटल्यावर हात धरून ओढायचं बंद करायला शिकवा.