फिनास्टराइडचा परिणाम पाच वर्षांनी संपतो का? पंधरा वर्षं गोळी घेणाऱ्याचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय सत्तावीस. टाळूवर आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत केस विरळ. केसगळती थांबवणाऱ्या फिनास्टराइडची एक मिलिग्रॅमची गोळी आणि रात्री डोक्यावर लावायचं पाच टक्के मिनॉक्सिडिलचं द्रावण, असं दोन वर्षं चालू आहे. पहिल्या वर्षी फरक दिसला, मग वाढ थांबली, आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून आंघोळ करताना हातात पुन्हा पुंजके येऊ लागले. त्यात सलूनवाल्यानं सांगितलं की ही औषधं चार-पाच वर्षंच लागू पडतात, मग शरीराला सवय होते, आणि सोडली की दुप्पट केस जातात. मग आत्ताच सोडावं का, असं तुम्ही विचारलंय. सप्टेंबरमध्ये डेंगी होऊन आठवडाभर दवाखान्यात होतो, असंही अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय. त्या ओळीकडे मी नंतर येतो, कारण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मी डॉक्टर नाही. एकोणतिसाव्या वर्षी, २०१० मध्ये ही गोळी सुरू केली. मधले सातेक महिने सोडले तर आजपर्यंत चालू आहे. तुम्हाला आत्ता जी भीती वाटतेय ती मला तिसऱ्या वर्षी वाटली होती, आणि त्या भीतीपोटी मी जे केलं ते तुम्ही करू नये म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी सवयीबद्दल. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग एका एन्झाइममुळे डीएचटी नावाच्या जास्त जहाल हार्मोनमध्ये बदलतो. ज्यांच्या टाळूवरच्या आणि कपाळावरच्या केसांची मुळं जन्मतःच डीएचटीला हळवी असतात, त्यांचा केस दर नव्या फेरीत आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. शेवटी नुसती लव उरते. मानेच्या वरचे केस मात्र शाबूत राहतात, कारण त्या मुळांना डीएचटीचं काही वाटत नाही. फिनास्टराइड ते एन्झाइम अडवतं आणि रक्तातलं डीएचटी साधारण सत्तर टक्क्यांनी उतरतं. गोळी रोज घेत राहिलात तर ते खालीच राहतं. झोपेच्या गोळीचा डोस जसा वाढवत न्यावा लागतो, तसं इथे होत नाही.

हा मार्ग सुचला कसा, तेही सांगतो. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात काही घराण्यांत हे एन्झाइम जन्मापासूनच कमी असलेले पुरुष होते. ज्युलिआन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. त्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहायची आणि कपाळ मागे जायचं नाही. त्यातूनच हे एन्झाइम अडवणारं औषध शोधायची दिशा मिळाली. १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅमची गोळी आली आणि १९९७ च्या अखेरीस केसांसाठी एक मिलिग्रॅमची.

आता खरा मुद्दा. एक मिलिग्रॅम गोळीच्या मुख्य चाचण्यांत १,५५३ पुरुष होते, वय १८ ते ४१. टाळूवर एक इंच व्यासाचं वर्तुळ आखून त्यातले केस मोजले. सुरुवातीला सरासरी ८७६ होते. वर्षभरानं गोळी घेणाऱ्यांच्या वर्तुळात, औषध नसलेली, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा १०७ केस जास्त निघाले. दोन वर्षांनी फरक १३८ झाला आणि पाच वर्षांनी २७७. हे आकडे वाचून वाटतं की गोळी घेणाऱ्यांचे केस पाच वर्षं वाढतच गेले. तसं झालेलं नाही. त्यांची संख्या पहिल्या दोन वर्षांतच सर्वात वर पोहोचली आणि नंतर हळूहळू थोडी उतरली. तरीही ती सुरुवातीच्या आकड्यापेक्षा वरच राहिली. दोघांमधलं अंतर वाढलं ते समोरचा गट दरवर्षी खाली जात राहिला म्हणून. (पाचही वर्षं साखरेच्या गोळीवर राहिलेले लोक अखेरीस थोडेच होते, त्यामुळे २७७ हा आकडा काटेकोर धरू नका. दिशा मात्र पक्की आहे.)

तुम्ही आरशात जो बघताय तो फक्त तुमचा आकडा आहे. गोळी घेतली नसती तर आज कसे दिसला असता, ते कुठल्याच आरशात दिसत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षानंतर जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की औषध थकलं. पहिल्या वर्षी जी भरती येते ती एकदाच येते. बारीक झालेले, पण जिवंत असलेले केस पुन्हा जाड होतात. तेवढे झाले की पुढचं काम राखणीचं, आणि राखण डोळ्यांना दिसत नाही. त्याच चाचणीत तज्ज्ञांनी नावं झाकून फोटो पाहिले. पाच वर्षांनी गोळीवाल्यांपैकी ४८ टक्क्यांचे केस आधीपेक्षा चांगले दिसले, ४२ टक्क्यांचे होते तसेच राहिले. साखरेच्या गोळीवर असलेल्यांपैकी ७५ टक्क्यांचे उघड उघड कमी झाले. म्हणजे दहातल्या एकाला गोळी घेऊनही उतार लागला, हेही खरंच. तो एक तुम्ही असू शकता, पण दोन वर्षांत ते ठरत नाही.

जपानमध्ये पाचशेहून जास्त पुरुषांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. त्यातल्या बहुतेकांचे केस सुधारले किंवा निदान टिकले. मला तो अभ्यास धीर देणारा वाटतो, पण त्यावर फार विसंबत नाही. तुलनेला औषध न घेणारा गट नव्हता, आणि दहा वर्षं न कंटाळता तपासणीला येतो तो साधारणपणे फायदा झालेलाच असतो.

माझी चूक आता सांगतो. २०१३ मध्ये तिसरं वर्ष संपताना मला वाटलं की काही होत नाही, उगाच पैसे जातायत. गोळी बंद केली. पहिले तीन महिने काहीच फरक पडला नाही, त्यामुळे निर्णय बरोबर वाटला. पाचव्या महिन्यापासून गळती लागली आणि सातव्या महिन्यात पावसात भिजून घरी आलो तेव्हा बायकोनं टाळूकडे बघून काळजीनं विचारलं, तब्येत बरी आहे ना? दुसऱ्या दिवशी परत डॉक्टरांकडे गेलो. टाळूवरचे केस वर्षभरात बऱ्यापैकी भरले. कपाळाचे कोपरे गेले ते गेलेच. केसाचं मूळ फार काळ बारीक राहिलं की ते परत आणणं कठीण होतं, आणि कोपऱ्यांत हे औषध मुळातच कमी चालतं.

सोडलं की दुप्पट जातात, हे खरं नाही. औषधानं जे राखलं होतं ते जातं आणि तुम्ही औषध न घेता जिथे असता तिथे पोहोचता. वरच्याच चाचणीत काही जणांना वर्षभरानं गोळीवरून साखरेच्या गोळीवर टाकलं होतं, त्यांनी कमावलेलं पुढच्या वर्षात गेलं. चार-पाच वर्षांची थकबाकी वर्षभरात वसूल होते, म्हणून ते दुप्पट भासतं.

मिनॉक्सिडिलचं गणित वेगळं. ते मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस येऊ लागले तेव्हा डोक्यावर लावून पाहिलं गेलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत दोन टक्क्यांच्या द्रावणाला मान्यता मिळाली. डीएचटीशी त्याचा संबंध नाही. ते केसाची वाढीची फेरी लांबवतं. परिणाम वर्षभरात कळसाला पोहोचतो आणि मग सावकाश ओसरतो. सोडलं तर तीन-चार महिन्यांत मिळवलेलं जातं. काहींच्या त्वचेत हे औषध कामाच्या रूपात बदलणारं एन्झाइमच कमी असतं, त्यांना कितीही लावलं तरी फारसा फरक पडत नाही. पण मी पाहिलेल्या बहुतेकांच्या बाबतीत कारण साधं होतं. पहिल्या वर्षी रोज लावायचे, तिसऱ्या वर्षी आठवड्यातून तीनदा. तुम्ही खरोखर किती रात्री लावता ते महिनाभर कॅलेंडरवर खूण करून बघा. कमी डोसची मिनॉक्सिडिलची गोळी हल्ली बरेच डॉक्टर देतात, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या चाचणीत पाच मिलिग्रॅमची गोळी पाच टक्के द्रावणापेक्षा सरस ठरली नाही. रोज लावणं जमतच नसेल तर तिचा विचार करावा, तोही रक्तदाब आणि हृदय तपासून. आणि घरात मांजर असेल तर द्रावण वाळेपर्यंत तिला उशीवर येऊ देऊ नका, मांजरांना ते विषारी आहे.

आता तुमच्या डेंगीकडे. जोराचा ताप येऊन गेला की वाढीच्या अवस्थेतले बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. सप्टेंबरचा डेंगी, नोव्हेंबरच्या शेवटी पुंजके. हिशोब नेमका बसतो. टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून उतरवलेलं वजन, यांनीही असंच होतं. ही गळती फक्त टाळूवर न होता सगळ्या डोक्यावर होते, म्हणून कानांवरचे आणि मागचे केसही येतायत का ते पाहा. येत असतील तर त्यात फिनास्टराइडचा दोष नाही आणि बहुधा काही महिन्यांत ती आपोआप थांबेल. तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या. अशा वेळी गोळी सोडली तर डेंगीची गळती ओसरत असतानाच सोडल्याची गळती सुरू होईल, आणि कशामुळे काय झालं हे तुम्हाला पुढे कधीच कळणार नाही.

दुष्परिणामांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण ते सांगितल्याशिवाय चालू ठेवा म्हणणं मला बरोबर वाटत नाही. चाचणीच्या पहिल्या वर्षात लैंगिक तक्रारी गोळीवाल्यांत ३.८ टक्के होत्या, साखरेच्या गोळीवाल्यांत २.१ टक्के. बहुतेकांच्या गोळी थांबवल्यावर गेल्या. काहींच्या मात्र बंद केल्यानंतरही राहिल्याच्या नोंदी आहेत आणि २०१२ पासून अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं आहे. मनाबद्दल तर अजून सावध राहा. युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. प्रमाण थोडं आहे, पण माझ्या एका जवळच्या मित्राला चौथ्या महिन्यापासून कशातच राम वाटेना. झोप उडाली, घरी बोलणं तुटलं. त्यानं गोळी बंद केली, डॉक्टरांना सांगितलं आणि तो सावरला. आज त्याचं टक्कल आहे आणि तो आनंदात आहे. तुम्ही ही गोळी घेता हे घरात एका माणसाला तरी माहीत असू द्या. आपलं मन बदलतंय हे आपल्याआधी त्या माणसाच्या लक्षात येतं.

लांबच्या प्रवासातल्या आणखी काही गोष्टी. फिनास्टराइडमुळे पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे पुढे कधी ती करायची वेळ आली तर गोळीचं आधी सांगा, नाहीतर वाढलेला आकडाही नॉर्मल दिसेल. गणपतीतल्या रक्तदान शिबिरातही सांगा. शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त देता येत नाही, कारण ते गरोदर बाईला चढवलं गेलं आणि पोटात मुलगा असला तर त्याच्या वाढीला धोका असतो. त्याच कारणानं, फिनास्टराइडची पाच मिलिग्रॅमची गोळी तोडून चार दिवस पुरवण्याची युक्ती घरात कुणी गरोदर असेल तर अजिबात नको, तो चुरा तिच्या हाताला लागू नये. मूल हवं असेल आणि वीर्यातली शुक्राणूंची संख्या कमी निघाली, तर डॉक्टरांना गोळीचं पहिल्यांदा सांगा. काही पुरुषांत गोळी थांबवल्यावर ती संख्या बरीच सुधारलेली आहे.

आणि उतार खरंच लागला तर? ड्यूटास्टराइड आहे. ते डीएचटी बनवणाऱ्या एन्झाइमचे दोन्ही प्रकार अडवतं आणि डीएचटी नव्वद टक्क्यांहून जास्त उतरवतं. केसांसाठी दक्षिण कोरियात २००९ पासून आणि जपानमध्ये २०१५ पासून मान्यता आहे. पण ते शरीरातून जायला महिने लागतात, त्रास झाला तर तोही तितकाच रेंगाळतो, रक्तदानाला तर सहा महिने थांबावं लागतं. तुमच्या वयात, दोन वर्षांनंतर, तिकडे वळायची घाई मी करणार नाही. हेअर ट्रान्सप्लांटची तर आत्ता अजिबात नाही. मागून आणून लावलेले केस टिकतात, पण त्यांच्यामधले मूळचे केस औषधाविना जातच राहतात आणि पस्तिशीत डोक्यावर बेटं उरतात.

या रविवारी एवढं करा. केस ओले करून विंचरा, बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली एका ठरावीक जागी उभे राहा आणि कुणाकडून तरी टाळूचा, कपाळाचा आणि दोन्ही कोपऱ्यांचा फोटो काढून घ्या. पुढचा सहा महिन्यांनी, केस तेवढेच लांब असताना. मधे रोज आरशात शोधत बसू नका. औषध सुरू करण्याआधीचा एखादा फोटो, लग्नातला, सहलीतला, डोकं वाकवलेला, सापडला तर तो शेजारी ठेवा. तुलना त्याच्याशी करायची, पहिल्या वर्षाच्या शेवटच्या चांगल्या फोटोशी नाही. फेरिटिनचा रिपोर्ट आला की इथे आकडा टाका, आणि मागचे केसही गळतायत का तेही लिहा.