वित्तीय नियमांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण: पीपीटी बाजूला ठेवा, देयक हातात द्या

नमस्कार,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पंचायत समितीत सहायक लेखाधिकारी म्हणून तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात. गटविकास अधिकाऱ्यांनी तालुक्यातले ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि कार्यालयातले लिपिक या सगळ्यांना ‘शासकीय निधी खर्च करण्याचे नियम’ शिकवायला सांगितले आहेत. जुनी भलीमोठी पीपीटी हाताशी आहे. ती वापरावी का, नियमांचे क्रमांक किती सांगावेत, आणि दुपारी जेवणानंतर लोक डुलक्या घेणार नाहीत यासाठी काय करावे, हे तुम्ही विचारले आहे.

लेखा विभागातल्या नोकरीत आणि नंतर प्रशिक्षक म्हणून मी हा विषय पुष्कळदा शिकवला आहे, त्यावरून सांगते. पीपीटी वापरू नका. नियमपुस्तिका पहिल्या पानापासून शिकवू नका. एक देयक घ्या आणि ते मागणीपासून लेखापरीक्षणापर्यंत कसे जाते, कुठे अडते आणि का अडते, एवढेच दोन दिवस शिकवा. नियम त्या वाटेवर आपोआप भेटतात आणि भेटलेला नियम लक्षात राहतो.

पण त्याआधी एक गोष्ट पक्की करा. या सगळ्यांना एका वर्गात बसवू नका. त्यांचे नियमच वेगवेगळे आहेत. राज्य शासनाच्या कार्यालयाला मुंबई वित्तीय नियम १९५९, महाराष्ट्र आकस्मिक खर्च नियम १९६५, महाराष्ट्र कोषागार नियम १९६८ आणि वित्तीय अधिकार नियमपुस्तिका १९७८ लागू होतात. पंचायत समितीच्या लिपिकाचे रोजचे काम जिल्हा परिषदा व पंचायत समित्या लेखा संहिता १९६८ वर चालते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला २०११ ची ग्रामपंचायत लेखा संहिता आणि त्यातले नमुना १ ते ३३ बघायचे असतात. मुख्याध्यापकाला यातले जवळजवळ काहीच लागत नाही. त्याला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, समग्र शिक्षा योजनेचे शून्य शिल्लक खाते, पोषण आहाराच्या नोंदी आणि साठा नोंदवही एवढे नीट समजले की पुरते. चारही गटांना एकत्र बसवले की प्रत्येकाच्या कामाचा फक्त चौथा हिस्सा वर्गात येतो, आणि उरलेला वेळ लोक मोबाइलमध्ये बघतात. दोष त्यांचा नसतो. पहिला अर्धा दिवस सर्वांना एकत्र घ्या, पुढे गट करा.

त्या पहिल्या अर्ध्या दिवसात काय घ्यावे? राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ पासून सुरुवात करा, पण दहाच मिनिटे. एकत्रित निधीतला पैसा विधिमंडळाने कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय बाहेर काढता येत नाही, एवढे वाक्य फळ्यावर लिहा. मग विचारा, ‘तुमच्या टेबलावरच्या देयकाचा आणि विधानभवनाचा संबंध काय?’ पाच मिनिटे त्यांना बोलू द्या. तरतूद का लागते, ज्या लेखाशीर्षात (खर्चाच्या ठरलेल्या सदरात) पैसे आले त्याच कामावर ते का खर्चायचे, ३१ मार्चला अखर्चित रक्कम का परत जाते, ही सगळी उत्तरे त्या चर्चेतून निघतात. लेखाशीर्षाचे उदाहरण राज्य शासनाच्या उद्दिष्टांचे द्या: १३ कार्यालयीन खर्च, १७ संगणक खर्च, ५१ मोटार वाहने. कार्यालयीन खर्चातून संगणक का घेता येत नाही, हा प्रश्न विचारला की वर्ग जागा होतो, कारण प्रत्येकाच्या कार्यालयात हा वाद कधीतरी झालेला असतो.

यानंतर मान्यता. यावर वेळ घालवा, माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथेच आहे. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम करायला हवे आणि त्यावर साधारण एवढा खर्च करायला हरकत नाही, असे सक्षम अधिकाऱ्याने म्हणणे. तांत्रिक मान्यता म्हणजे अंदाजपत्रक तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, दर आणि मापे योग्य आहेत, हे अभियंत्याने सांगणे. आणि यातल्या कशाचाही अर्थ ‘पैसे आले’ असा होत नाही. तरतूद आहे का, ती वितरित झाली का, राज्य कार्यालयात असाल तर बीम्स या शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर बीडीएस (निधी वितरित झाल्याची पावती) निघतो का, हे वेगळे बघावे लागते. प्रशासकीय मान्यतेचा कागद हातात पडला की नवीन कर्मचारी कार्यारंभ आदेश टाइप करायला घेतो. पुढे काम होते, ठेकेदार दारात उभा राहतो, आणि देयक दोन वर्षे पडून राहते. त्या ठेकेदाराने माणसे लावलेली असतात, सिमेंट उधारीवर आणलेले असते. दायित्व निर्माण करणे म्हणजे कोणाचे तरी पैसे अडकवणे, हे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगा.

आता मुख्य भाग. गटनिहाय सत्रांसाठी प्रत्येक गटाला एक खोटा पण पूर्ण देयकसंच तयार करून द्या. ग्रामपंचायतीच्या गटासाठी मी वापरते तो संच सांगते. चाळीस एलईडी पथदिव्यांची खरेदी. संचात मासिक सभेचा ठराव, तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, दोन देयके, साठा नोंदवहीची प्रत आणि प्रमाणक (व्हाउचर). त्यात मुद्दाम चुका पेरलेल्या असतात. ठरावाची तारीख पुरवठा आदेशानंतरची. दोन दरपत्रकांत एकाच शब्दाचे सारखेच चुकलेले शुद्धलेखन. एकाच पुरवठादाराची लागोपाठ क्रमांकाची दोन देयके, सलग दोन दिवसांची, म्हणजे खरेदीच्या मर्यादेखाली राहण्यासाठी पाडलेले तुकडे. साठ्याची नोंद माल येण्याच्या आधीची. आणि सगळा खर्च १५व्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून दाखवलेला. २०२१-२६ या काळात त्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. पथदिवे त्यात बसत नाहीत, ते अबंधित ४० टक्क्यांतून घ्यायला हवे होते. उदाहरण देताना हा कालावधी मात्र सांगा, कारण १ एप्रिल २०२६ पासून १६व्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो आणि जुन्या टक्केवारीवर नवीन खर्च ठरवता येणार नाही.

गटाला तासभर द्या. तुम्ही लेखापरीक्षक आहात, आक्षेप लिहून काढा, असे सांगा. तुम्ही मध्ये बोलू नका. लोक उठून एकमेकांच्या टेबलावर जातात, आवाज वाढतो.

या संचात एक गोष्ट मात्र बरोबर असूनही संशयास्पद दिसेल अशी ठेवा. माझ्या संचात सर्वांत कमी दराचा पुरवठादार दुसऱ्या जिल्ह्यातला असतो. निम्मे लोक त्यावर आक्षेप लिहितात. त्यात काहीही चूक नाही, आणि हे त्यांना शिकवणे चुका शोधायला शिकवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. भीतीने गोठलेला कर्मचारीही सार्वजनिक पैशाचे नुकसान करतो. औषधे वेळेवर येत नाहीत, शाळेची गळकी खोली पावसाळ्यात तशीच राहते, निधी परत जातो. नियमांचे प्रशिक्षण घेऊन माणूस प्रत्येक फाइलवर ‘तपासून सादर करावे’ लिहायला लागला, तर ते प्रशिक्षण फसले.

क्रमांकांबद्दल विचारलेत. कलम आणि नियमांचे आकडे पाठ करून घेऊ नका. खरेदीच्या मर्यादांचे तर मुळीच नको. उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका आली, पुढच्या वर्षी जेम या केंद्र शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरून खरेदीचे धोरण आले, आणि त्यानंतर सुधारणा होत राहिल्या. पाठ केलेली मर्यादा दोन वर्षांत जुनी होते, आणि माणूस ती आत्मविश्वासाने वापरत राहतो. त्याऐवजी शोधायला शिकवा. शासनाच्या संकेतस्थळावर जाऊन सांकेतांकाने (निर्णयावर छापलेल्या क्रमांकाने) शासन निर्णय उघडणे, तो अधिक्रमित झाला आहे का, म्हणजे त्याच्या जागी नवा आला आहे का, बघणे, प्रस्तावनेतले संदर्भ वाचून मागचे निर्णय काढणे. प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर हे वर्गातच करून बघावे. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ हा संदर्भ होत नाही, हे एकदा ठणकावून सांगा.

एक आकडा मात्र लक्षात ठेवायला सांगा, कारण तो रोज लागतो आणि चुकला की व्याज व दंड बसतो. वस्तू व सेवा कर वगळून अडीच लाखांवरच्या कंत्राटात २ टक्के जीएसटी टीडीएस (देयक देतानाच कापून घ्यायचा कर) कापायचा आहे, १ ऑक्टोबर २०१८ पासून. ग्रामपंचायतीलाही तो लागू आहे. तुकडे पाडून ही मर्यादा चुकवता येत नाही, कारण मर्यादा कंत्राटाच्या रकमेवर आहे, एकेका देयकावर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताळमेळ घ्या. रोकडवही आणि बँक पासबुक यांचा दरमहा ताळमेळ, राज्य कार्यालयांसाठी कोषागार आणि महालेखापाल कार्यालयाशी खर्चाचा मेळ. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे प्रशिक्षक तो पाच मिनिटांत गुंडाळतात. मी इथे चारा घोटाळ्याचे उदाहरण देते. जानेवारी १९९६ मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या चाईबासा इथे उपायुक्तांनी पशुसंवर्धन विभागाची कागदपत्रे तपासली आणि प्रकरण उघडे पडले. खोट्या पुरवठ्याच्या देयकांवर कोषागारातून तरतुदीपेक्षा कितीतरी जास्त रकमा निघाल्या होत्या. तरतूद किती आणि खर्च किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की दिसणारी गोष्ट वर्षानुवर्षे चालू राहिली. लोकांना हे पटते. मग त्यांना आपल्याच कार्यालयाच्या तीन महिन्यांचा ताळमेळ करायला बसवा.

याच सत्रात डिजिटल स्वाक्षरीचा विषय काढा. ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या शासनाच्या ऑनलाइन प्रणालींवरून पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डीएससीने, म्हणजे डोंगलमध्ये साठवलेल्या डिजिटल स्वाक्षरीने, जातात. कित्येक ठिकाणी दोघांचेही डोंगल आणि पासवर्ड संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये असतात. पूर्वी कोरे धनादेश सह्या करून ठेवण्यात जो धोका होता, तोच हा आहे. परिचालकावर संशय घेण्याचा हा प्रश्न नाही. दोन सह्यांची अट अशासाठी आहे की दोन माणसांनी बघावे. दोन्ही डोंगल एकाच हातात गेले की बघणारा कोणी उरत नाही, आणि गैरव्यवहार झाला तर जबाबदारी डोंगल ज्याच्या नावावर आहे त्याचीच.

आता तुम्ही विचारले नाहीत, पण वर्गात हमखास विचारले जाईल असे. ‘मॅडम, हे सगळे बरोबर, पण साहेबांनी तोंडी सांगितले तर?’ या प्रश्नाला हसून टाळू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मध्ये तोंडी आदेशाची लेखी पुष्टी घेण्याची तरतूद आहे. पण नियम आहे एवढे सांगून कनिष्ठ लिपिकाला बळ येत नाही. त्याला शब्द द्या. टिपणी कशी लिहायची ते वर्गात लिहून घ्या: ‘सदर खरेदीबाबत दिलेल्या तोंडी सूचनेनुसार प्रस्ताव सादर. तथापि, दरपत्रके प्राप्त नसल्याने प्रचलित कार्यपद्धतीनुसार ती मागवणे आवश्यक वाटते. आदेशार्थ सादर.’ कुठेही उद्धटपणा नाही, नकार नाही, वस्तुस्थिती मात्र नोंदली गेली. प्रत्येकाकडून अशा तीन टिपण्या वेगवेगळ्या प्रसंगांवर लिहून घ्या आणि मोठ्याने वाचायला लावा. माझ्या अनुभवात दोन दिवसांतली ही सर्वांत उपयोगी घटका असते. पुष्कळ कर्मचाऱ्यांना नियम माहीत असतो, तो वरिष्ठांपुढे अदबीने कसा मांडायचा हे कोणी शिकवलेले नसते.

आणि म्हणूनच गटविकास अधिकाऱ्यांना, विस्तार अधिकाऱ्यांना किमान त्या सत्रापुरते वर्गात बसवा. उद्घाटन करून, नारळ फोडून ते निघून गेले तर कर्मचाऱ्यांना एकच संदेश जातो, की नियम खालच्यांसाठी आहेत. आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पैसे काढून वाटण्याचा अधिकार असलेले, म्हणून सही गटविकास अधिकाऱ्यांची असते. जी सही करतात ती कशावर करतात, हे त्यांनी लिपिकांसमोर बसून ऐकावे. विनंती करायला संकोच वाटत असेल तर ‘समारोपाआधी शंकानिरसनासाठी एक तास’ असे पत्रात घाला.

साहित्य जमवायला फार लांब जाऊ नका. यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेचे साहित्य आणि आयगॉट कर्मयोगी या केंद्राच्या ऑनलाइन प्रशिक्षण मंचावरचे अभ्यासक्रम मूलभूत गोष्टींसाठी ठीक आहेत, ते आधी बघून यायला सांगा. पण खरा खजिना तुमच्या कपाटात आहे: मागच्या पाच वर्षांचे स्थानिक निधी लेखापरीक्षा अहवाल. नावे झाकून त्यातले परिच्छेद वाचा. तोच आक्षेप दरवर्षी येतो, तेच अनुपालन (आक्षेपाला दिलेले उत्तर) दरवर्षी जाते. कोणते परिच्छेद पुन्हा पुन्हा येतात ते काढलेत की तुमचा अभ्यासक्रम तयार झाला.

परिणाम मोजायलाही तेच वापरा. शेवटच्या दिवशीचे अभिप्रायाचे फॉर्म सगळे ‘उत्तम’ असतात, त्यावर जाऊ नका. सहा महिन्यांनी बघा, तुमच्याकडे येणारी किती देयके त्रुटी काढून परत करावी लागतात, आणि त्रुटी जुन्याच आहेत की नव्या.

वेळ मात्र बदलून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे प्रशिक्षण ठेवले तर कोणाचेही लक्ष लागणार नाही, सगळ्यांचा जीव मार्च एंडच्या देयकांत असतो. जून-जुलै चांगले. तेव्हा वर्षाचा निधी यायला लागलेला असतो आणि चूक करायच्या आधी माणूस शिकतो. आणि ऐन वेळी दोनाचा एकच दिवस झाला, तसे होतेच, तर घटना, लेखाशीर्षे, शासन निर्णय शोधणे हे सगळे गाळा. सकाळी देयकसंच, दुपारी टिपणीलेखन, एवढेच ठेवा. मुख्याध्यापकांच्या गटासाठी संच करायचा असेल तर कळवा. पोषण आहाराच्या साठा नोंदींचा एक संच माझ्याकडे तयार आहे, तो इथे टाकते.