दोष तुझ्या कानाचा नव्हता

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग राग आला. टॉकिंग हेड्स या रॉक बँडच्या मैफलीची फिल्म ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ डीव्हीडीवर लावून तू संवादिनी घेऊन बसलीस, एकही पट्टी जुळेना, आणि तू ठरवून टाकलंस की आपला कान कच्चा आहे. आणि त्यावर उपाय काय, तर पंचावन्न इंची टीव्ही! अगं, सूर लागत नाही म्हणून कुणी चष्म्याच्या दुकानात जातं का?

उत्तर तुझ्याच पत्रात होतं. डबीवर 88 मिनिटं, प्लेअरवर साडेचौऱ्याऐंशी. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो. जुन्या पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या टीव्हीच्या) डीव्हीडीवर तोच सिनेमा सेकंदाला 25 चौकटींनी पळवला जायचा. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि त्याच्याबरोबर सूरही चढतो, साधारण 70 सेंटनी. (सेंट हे सुरांतलं अंतर मोजायचं माप.) संवादिनीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये 100 सेंटचं अंतर असतं. म्हणजे बँडचा सूर तुझ्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडला होता. तो तुला खटकला, याचा अर्थ कान शाबूत आहे.

हीच डिस्क वापरायची असेल तर संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लाव आणि वेग 0.96 कर. तेवढ्यानं भागत नाही, कारण व्हीएलसी वेग बदलतानाही सूर आहे तिथेच धरून ठेवतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘टाइम स्ट्रेचिंग’समोरची खूण काढ, मग सूरही खाली येईल. काही पाल डिस्कांवर सूर आधीच दुरुस्त केलेला असतो, त्यामुळे घड्याळाकडे पाहून निर्णय करू नकोस. संवादिनी 440 हर्ट्‌झच्या प्रमाण सुराला लावलेली आहे ना, ते मोबाइलच्या ट्यूनरवर बघून घे आणि तिच्यावरच पडताळ. मुळात 25 चौकटींनीच चित्रित झालेल्या युरोपातल्या दूरचित्रवाणी मैफिलींना ही बाधा नसते.

आधी कान, मग डोळे. हा माझा नियम, कंटाळलीस तरी या पत्रात तो पुन्हा पुन्हा भेटेल.

टीव्ही आहे तोच राहू दे. सपाट टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात आणि 100 हर्ट्‌झच्या खाली त्यांच्यात जीव नसतो. बास गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्‌झची. म्हणजे पंचावन्न इंचांवर तुला बासवाल्याची बोटं लख्ख दिसतील आणि तो वाजवतोय काय, ते अर्धंच ऐकू येईल. तोच पैसा दोन बुकशेल्फ स्पीकर आणि छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर घाल, जुने मिळाले तरी चालतील. तेही जमत नसेल तर वायरचे बरे हेडफोन घे.

स्पीकर आणि तू मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा. दोन स्पीकरांत दोन मीटर अंतर असेल तर तूही प्रत्येकापासून दोन मीटरवर बस. उंच स्वरांचा छोटा शंकू कानाच्या उंचीला येऊ दे. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट जागा सोड. कोपऱ्यात ढकललेस तर बास घुमेल आणि ड्रम खोक्यासारखे वाजतील. फ्लॅटमधल्या उघड्या फरशीवर टाळी वाजवून बघ. टाळीच्या मागे झणझण ऐकू आली तर समोर सतरंजी अंथर, खिडकीला जाड पडदा लाव, बाजूच्या भिंतीपाशी गाद्यांची चळत रच. याला खर्च नाही, म्हणूनच कुणी करत नाही.

ब्लूटूथ नको. आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंदांनी मागे पडू शकतो, आणि अतिद्रुत तीनतालात तेवढ्या वेळात जवळजवळ एक मात्रा निघून जाते. टीव्हीतलं लिप-सिंकचं सेटिंग बहुधा आवाज आणखी मागे ढकलतं, पुढे आणत नाही. ड्रमवर काठी पडताना बघ, फरक लगेच कळेल. ध्वनीच्या यादीत स्टिरिओ आणि 5.1 (भोवताली ठेवलेल्या सहा स्पीकरांसाठीचा आवाज) दोन्ही असतील आणि स्पीकर दोनच असतील, तर स्टिरिओ निवड. 5.1 दोन वाहिन्यांत कोंबताना मागचा प्रेक्षकांचा गलका पुढे येतो आणि सबवूफरची वाहिनी बऱ्याचदा सरळ टाकून दिली जाते. ‘नाइट मोड’, ‘व्हॉल्यूम लेव्हलिंग’ बंद कर. हलकं आणि जोरकस यांतला फरकच ते खाऊन टाकतात, मग गायकीत उरलं काय? चित्राचं एकच काम कर, मोशन स्मूदिंग बंद. ते कुठे ट्रूमोशन, कुठे मोशनफ्लो अशा नावानं लपलेलं असतं. चालू राहिलं की मैफल मालिकेसारखी गुळगुळीत दिसते.

आता पुन्हा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’. जोनाथन डेमीनं 1983च्या डिसेंबरात हॉलिवूडच्या पँटाजेस थिएटरमध्ये टॉकिंग हेड्सचे प्रयोग चित्रित केले. बँडचा गायक डेव्हिड बर्न एकटा येतो, टेपरेकॉर्डर खाली ठेवतो, एक टेप ऐकवायचीय म्हणतो. ठेका त्या खोक्यातून येतोय असं डोळे सांगतात. खरा ठेका रोलंडच्या टीआर-808 ड्रम मशीनचा, मिक्सरमधून आलेला. दुसऱ्या गाण्याला टिना वेमथ बास घेऊन येते. रंगमंचावर दोघंच दिसतात, पण बर्नच्या आवाजाला तिसऱ्याच गळ्याची साथ आहे. ती लिन मॅब्री, विंगेत उभी राहून गाणारी. पडद्याकडे टक लावणाऱ्याला ती ऐकूच येत नाही. मग ड्रम, मग आणखी एक गिटार, मग तालवाद्यं आणि साथीच्या गायिका. वाद्यवृंद एकेक वीट रचत उभा राहतो, म्हणून कान तयार करायला याच्यासारखी दुसरी फिल्म नाही.

‘अमेझिंग ग्रेस’ त्यानंतर. 1972च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये गायिका अरीथा फ्रँकलिन दोन रात्री गायली. दिग्दर्शक सिडनी पोलॅकच्या चमूनं चित्रीकरण केलं, पण क्लॅपरबोर्ड वापरले नाहीत. पाटी आपटल्याचा आवाज आणि तिचं चित्र, याच दोन खुणांवर ध्वनी आणि फिल्म जुळवतात. खुणाच नाहीत म्हटल्यावर ढीगभर रिळं मुकी पडून राहिली. रेकॉर्ड त्याच वर्षी बाजारात आली आणि गाजली. फिल्म लोकांसमोर आली 2018मध्ये. 46 वर्षं लोकांनी ती मैफल नुसती ऐकली आणि कुणाला ती अपुरी वाटली नाही. तूही आधी रेकॉर्डच ऐक. फिल्ममधला तिचा घाम आणि मिटलेले डोळे त्यानंतर बघ.

‘मॉन्टेरे पॉप’ ही कॅलिफोर्नियातल्या एका संगीत महोत्सवावरची फिल्म. तिचा शेवट रविशंकरांच्या वादनानं होतो, तबल्याला अल्लारखाँ. तिथे दिग्दर्शक पेनेबेकर बराच वेळ सतारियाला दाखवतच नाही. मैदान, प्रेक्षक, झोपाळू चेहरे दिसत राहतात आणि सतार चालू असते. माझा नियम एका दिग्दर्शकानं 1968मध्येच पाळला होता, हे मला हट्टी म्हणणाऱ्यांना सांग. (प्रत्यक्ष महोत्सवात ते वादन शेवटी नव्हतं. संकलनात शेवटी आणलं.)

‘द लास्ट वॉल्ट्झ’, म्हणजे ‘द बँड’ नावाच्या बँडच्या निरोपाच्या मैफलीवरची मार्टिन स्कोर्सेसीची फिल्म, बघताना मात्र सावध राहा. सुरुवातीलाच पाटी येते की ही फिल्म मोठ्या आवाजात लावावी. तेवढं ऐक. पण मैफल 1976च्या नोव्हेंबरातली असली तरी तू ऐकतेस त्यातलं बरंच नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेलं आहे. स्कोर्सेसीचा कॅमेरा गिटारवादक रॉबी रॉबर्टसनवर लुब्ध आहे, आणि ड्रम वाजवत गाणाऱ्या लेव्हन हेल्मनं पुढे आत्मचरित्रात त्यावर राग काढला. बँडचा पुढारी कोण हे डोळ्यांना विचारलंस तर एक उत्तर मिळेल, कानांना विचारलंस तर दुसरं. पाहुणा ब्लूज गायक मडी वॉटर्स गायला उभा राहिला तेव्हा तर बाकीचे कॅमेरे थांबलेले होते, एकाच कॅमेऱ्यानं तो टिपला. संकलकाच्या हातात कापायला काही नव्हतं, आणि तेच फिल्ममधलं सर्वांत भक्कम गाणं ठरलं.

आपल्याकडचं विचारलंस. मणी कौलचा ‘ध्रुपद’, 1982. झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणेवर, झिया फरीदुद्दीन डागर गायनाला. पनवेलजवळच्या पळस्प्याचं गुरुकुल या मोहिउद्दीन डागरांचंच. वीणेचं खर्जातलं काम टीव्हीच्या स्पीकरवर ऐकलंस तर ‘संथ आणि कंटाळवाणं’ म्हणशील आणि पुन्हा स्वतःला दोष देशील. किशोरीताई आमोणकरांवरचा ‘भिन्न षड्ज’ अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा, 2011चा. तो माहितीपट आहे, मैफल नाही. आधी त्यांचा ‘सहेला रे’चा भूप पूर्ण ऐक, मग त्या काय बोलतात ते ऐक. उलट क्रमानं गेलीस तर त्यांच्या रागीटपणाच्या गोष्टीच लक्षात राहतील. आमच्या पिढीचं नेमकं तेच झालं. आम्ही क्लोजअप आणि किस्से जमवत राहिलो, माझ्यासकट.

एक अपवाद नाइलाजानं मान्य करते. रोलिंग स्टोन्स या बँडवरची ‘गिमी शेल्टर’ डोळ्यांनी बघायची. ऑल्टामाँटच्या मैफलीत एका प्रेक्षकावर चाललेला सुरा कॅमेऱ्यात पकडला गेला, आणि संकलनाच्या टेबलावर बँडचा गायक मिक जॅगर ते दृश्य पुन्हा बघतो तेव्हा कानाचं काही काम उरत नाही. ती एकटीनं रात्री लावू नकोस.

या शनिवारी ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ 0.96 वेगानं लाव, टीव्हीवर चादर टाक. पहिली पाच गाणी नुसती ऐक आणि प्रत्येक गाण्यात नवं काय आलं ते कागदावर लिही. मग चादर काढून तीच पाच पुन्हा बघ. पहिला कागद मला पाठव. खाडाखोड चालेल, पण चादर उचलून बघून लिहिलंस तर मला कळेल. लिन मॅब्रीपाशीच कळेल.