आधी विळी काढ, पोर्टफोलिओ नंतर

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा मेथी निवडताना, एकदा नीट बसून. त्यात प्रश्न तीन होते आणि काळजी एकच: ‘मावशी, माझी चित्रकला बेताचीच आहे, मग डिझाइनला जायचं धाडस करू का?’ लॅपटॉप कोणता घेऊ आणि क्लास कुठला लावू, हे त्याच काळजीचे दोन फाटे. फोनच करणार होते, पण फोनवर तू मध्येमध्ये ‘हो, हो’ म्हणतेस आणि पुढचं ऐकत नाहीस. म्हणून लिहितेय.

लॅपटॉपचं आधी उरकते. आत्ता कुठलाच घेऊ नकोस. ॲनिमेशनला गेलीस तर लागणारं यंत्र वेगळं, टेक्स्टाइलला गेलीस तर कदाचित आधी मागावर बसवतील. प्रवेश झाला की सिनियर मुलांना विचारून घे. तोवर एक कोरी वही, रेघा नसलेली, दोन पेन्सिली आणि एक काळं बॉलपेन. खोडरबर आईकडे ठेवायला दे.

आता चित्रकला. शाळेत असताना मी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवली. आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. स्थिरचित्रात हातखंडा माझा. पितळी तांब्यावरचा उजेड, त्याच्या पोटात दिसणारी खिडकी, मागच्या चादरीच्या चुण्या, सगळं हुबेहूब. कॉलेजात पहिल्या वर्षी सरांनी माझं असंच एक चित्र हातात घेतलं आणि विचारलं, ‘याचा गळा अरुंद का आहे?’ मी म्हटलं, ‘सर, तसाच होता.’ वर्ग हसला. पाच वर्षं मी तांब्या काढत होते आणि तो तसा का, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. गळ्यापाशी बोटं अडकतात म्हणून भरलेला तांब्या एका हातानं उचलता येतो, चालताना पाणी हिंदकळून सांडत नाही, दोरी बांधून विहिरीत सोडता येतो. हे सगळं त्या घाटात होतं, आणि मी फक्त चकाकी पाहिली होती.

गंमत म्हणजे आपल्या देशातलं डिझाइनचं शिक्षण याच तांब्याचं बोट धरून आलं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवराबायकोंना भारत सरकारनं बोलावलं होतं. १९५८ साली त्यांनी जो अहवाल दिला, त्यात वस्तू कशी विचारपूर्वक घडते हे सांगायला त्यांनी तांब्याचं उदाहरण घेतलं. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. मला विचारशील तर मी तांब्याच्या जागी विळी घेतली असती.

हसू नकोस. घरातली विळी काढून जमिनीवर ठेव आणि बाबांकडच्या आजीला भाजी चिरायला बसव. सुरीनं चिरताना भाजी जागेवर राहते आणि पातं हलतं. विळीवर पातं जागचं हलत नाही, भाजी त्याच्यावर जाते. पाट पायाखाली दाबलेला, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. म्हणून मेथीची अख्खी जुडी मुठीत धरून चिरता येते. पात्याच्या शेंड्याला खोवणी, म्हणजे नारळासाठी वेगळं हत्यार नको. आता पुढची गोष्ट बघ. घराघरांत ओटे आले आणि बायका उभ्यानं स्वयंपाक करू लागल्या. विळी ओट्यावर चढली, पण पाट दाबणारा पाय खालीच राहिला. माझ्या आईचे गुडघे गेले तेव्हा तिनं विळी ओट्यावर घेतली. ती डुगडुगायला लागली, तेव्हा पाटावर पाणी भरलेला कुकर ठेवून ती चिरायची. रोज, बारा वर्षं. मी तोवर नोकरीला लागलेली डिझायनर होते, सुट्टीला घरी यायचे, त्या कुकरला वळसा घालून चहा करायचे, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: चित्र सुंदर यायला हवं असं नाही, दुसऱ्याला कळायला हवं. पाट किती जाड, पातं कुठे वळतं, हात कुठे येतो, बोट कुठे कापतं, हे तुझ्या रेघांतून समोरच्याला समजलं की पुरे. विळी वीस वेळा काढ. वरून, बाजूनं, दुमडलेली, पायासकट, कुकरसकट. बाण काढ, बाजूला शब्द लिही. विसावी विळी पहिलीपेक्षा देखणी नसेल कदाचित, पण तिच्यात माहिती जास्त असेल. मग पुठ्ठ्याची एक करून बघ, ओट्यावर न डुगडुगणारी. नाही जमली तरी ठेव ती. न जमलेलं पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या कामांच्या संग्रहात, घालावं, का जमलं नाही ते खाली लिहून. नीटनेटक्या पानांपेक्षा मी तरी तेच पान जास्त वेळ बघते.

परीक्षांचं थोडक्यात सांगते, कारण तारखा आणि नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचायचे असतात, मावशीच्या पत्रात नाही. यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेशपरीक्षा, आयआयटी मुंबई घेते. बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे ‘सायन्स सोडू का’ हा प्रश्न या परीक्षेपुरता तरी नाही. पेपर ३०० गुणांचा. त्यातला २०० गुणांचा भाग संगणकावर, १०० गुणांचा हातानं काढायचा. आणि पहिल्या भागात निवड झाली तरच दुसरा तपासतात, म्हणजे नुसतं चित्र काढत बसलेल्यांची वही उघडलीही जात नाही. पहिल्या भागात घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडला तर कसा दिसेल, दात्यांची चाकं कुठल्या दिशेनं फिरतील, अशी डोक्यात वस्तू फिरवायची कामं असतात. ते सरावानं येतं. फॉर्म साधारण ऑक्टोबरात, परीक्षा जानेवारीत, आणि लगेच तुमची बोर्डाची परीक्षा. हे गणित आत्ता अकरावी संपतानाच मांडून ठेव. संधी लागोपाठच्या दोनच वर्षी मिळते. एनआयडीची परीक्षा प्रिलिम्स आणि मेन्स अशी दोन टप्प्यांत. निफ्टला, म्हणजे फॅशनच्या सरकारी संस्थेला, सिच्युएशन टेस्ट असते, हाताशी असलेल्या साहित्यातून तिथल्या तिथे वस्तू करून दाखवायची. आणि मुंबईच्या जेजेला, म्हणजे सर जे. जे. कलाशाळेला, विसरू नकोस. १८५७ सालची शाळा आहे ती, आणि उपयोजित कलेचा विभाग १९३५ पासूनचा. आयआयटी मुंबईतली आयडीसी, म्हणजे तिथला डिझाइनचा विभाग, १९६९ साली ज्यांनी उभी केली, ते सुधाकर नाडकर्णी आधी जेजेतच शिकले आणि मग जर्मनीत उल्मच्या डिझाइन शाळेत गेले.

क्लास लावायचा तर लाव. घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय होते, बरोबरीची मुलं भेटतात. फक्त जिथे ‘रेल्वे स्टेशन’, ‘जत्रा’, ‘पावसातला बाजार’ अशी तयार चित्रं घोटून घेतात तिथून काढता पाय घे. पोर्टफोलिओ तपासायला बसले की तो छत्रीवाला म्हातारा मला वेगवेगळ्या गावांतल्या मुलांकडून भेटतो, तीच छत्री, तोच पोक. बिचारा आता ओळखीचा झालाय. यूसीडचे जुने पेपर त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आधी ते सोडव, मग क्लासची फी भरायची का ते ठरव.

आता जरा माझं उणं सांगते. आईला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

पहिल्या नोकरीत माझ्याकडे एका कीटकनाशकाच्या बाटलीचं लेबल आलं. मी हिरवागार रंग घेतला, त्यावर पानं, पानांवर दव. माप सांगणारा तक्ता मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, कारण पुढची बाजू ‘मोकळी’ हवी होती. कायद्यानं अशा बाटलीवर एका टोकावर उभा केलेला चौकोन छापावा लागतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात विषाची पायरी सांगणारा रंग: सर्वांत जहाल त्याला लाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आमचं औषध पिवळ्या पायरीचं होतं. तो चौकोन मी नियमात बसेल एवढाच, कोपऱ्यात सरकवला. सगळ्यांना लेबल आवडलं.

काही महिन्यांनी मामाच्या गावी गेले होते. कृषी सेवा केंद्रात माझीच बाटली फळीवर दिसली, ऊर भरून आला. एक शेतकरी ती घ्यायला आले होते. मी विचारलं, ‘किती घालता?’ म्हणाले, ‘पंपाला दोन टोपणं.’ टोपणं! तक्ता मिलिलिटरमध्ये होता, आणि तो वाचायला चष्मा लागला असता. पुढे ते म्हणाले, ‘ह्ये हिरवं हाय, म्हंजे सौम्य असंल. त्या लाल बाटलीवानी न्हाई.’ त्यांनी चौकोन पाहिलाच नव्हता. माझा हिरवा पाहिला होता. आणि आपल्या बोलण्यात आपण विषाला ‘औषध’ म्हणतो, ‘औषध मारायचं’ म्हणतो, हेही मला त्या दुकानात उभं राहिल्यावर पहिल्यांदा कानात खुपलं. परत येऊन मी ऑफिसात सांगितलं. छपाई झाली होती, लेबल तसंच राहिलं. मी राजीनामा वगैरे दिला नाही, महिनाअखेर पगार घेतला. पण त्यानंतर कुठलंही काम हातात आलं की ती वस्तू जिथे विकली जाते आणि जिथे वापरली जाते, त्या दोन्ही जागी जाऊन आल्याशिवाय रंगाला हात लावत नाही. क्लायंट वैतागतात. वैतागोत.

तुझ्याजवळ एक भांडवल आहे, ज्याला तू भांडवल समजत नाहीस: मराठी. फोनवर मराठी बातमी उघड आणि नीट बघ. ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या हिशेबानं ठेवलेलं असतं, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. बटणावर ‘पुढे’ लिहिलेलं असतं आणि मात्रा कापलेली. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य सरकारनं २००९ साली तसा निर्णयही काढला, पण बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल-श आधी येतात आणि मराठी वळण फॉन्टमध्ये असूनही कुणी चालू करत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तर कित्येक ठिकाणी गायबच. अक्षररचनाकार र. कृ. जोशींचं नाव ऐकलंयस? जेजे आणि आयडीसी, दोन्हींकडे त्यांचं नाव आदरानं घेतात. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. आजही मुंबईत एकटाइपसारखी मंडळी भारतीय लिप्यांचेच फॉन्ट करतात, ‘बलू’ आणि ‘मुक्त’ त्यांचेच. तेव्हा बाजारात जाशील तेव्हा दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढ. पेंटरनं रंगवलेल्या पाट्या वेगळ्या ठेव, फ्लेक्सच्या वेगळ्या, आणि ‘क्ष’ कुणी कसा बसवलाय ते बघ. एखाद्या मुलाखतीत हे पान काढून ठेवलंस तर तुझ्याइतकं त्यावर बोलणारं शेजारच्या खुर्चीत कुणी नसेल.

बाबा विचारतात, ‘यात पोटाला मिळेल का?’ प्रश्न रास्त आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. मिळतं. ॲपचे पडदे आखणाऱ्यांना पुण्या-बंगळुरात मागणी आहे, वस्तू घडवणाऱ्यांना त्या मानानं कमी, आणि स्वतःचं काही करायचं तर पहिली काही वर्षं ओढाताणीची. चित्रं तयार करून देणारी यंत्रं आली आहेत, त्यामुळे नुसतं गोड चित्र काढून देण्याचे पैसे घटणार, हेही त्यांना स्पष्ट सांग. (कुकर मात्र यंत्राला दिसत नाही, निदान अजून तरी.) सरकारी आणि खासगी संस्थांच्या फीमध्ये मोठी तफावत असते. खासगीचं माहितीपत्रक हातात आलं की त्यातले हसरे चेहरे सोडून दे आणि तिथून तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली दोन मुलं शोधून त्यांना विचार, आत्ता काय करता, कर्ज फिटलं का. बऱ्याच संस्था शेवटच्या वर्षाच्या कामाचं प्रदर्शन भरवतात. बाबांना घेऊन एकदा जा. तुझे बाबा गॅरेजवाले आहेत, ते एखादं मॉडेल हातात उलटं करून बघतील आणि ‘हा स्क्रू इथे का?’ विचारतील. तिथल्या मुलांना तोच प्रश्न हवा असतो. खरं तर तूही एक रविवार त्यांच्याबरोबर गॅरेजमध्ये बस आणि कुठला पाना त्यांनी घासून, वाकवून आपल्या हाताजोगा करून घेतलाय ते बघ. एक तरी असेलच.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी सांगलीला येतेय. वही घेऊन ये. वीस विळ्या, पाट्यांचे फोटो आणि बाबांचा तो पाना, जमलं तर खराखुरा. आजीला विचारून ठेव, विळी ओट्यावर कधी आली आणि तेव्हा तिनं पाटावर काय ठेवलं होतं. आणि आईला म्हणावं, आमरस कर, पण तो हँड ब्लेंडर नको, पातेल्यात हातानं कालवलेला.

तुझी,
मावशी